सोलापुरी चादरीखालची कॉफी

निवृत्तीच्या दिवशी माणसाला पूर्वी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळे. आता गुच्छ वाया जातो म्हणून रोप देतात. कोणाला तुळस मिळते, कोणाला मनीप्लांट. आमच्या ह्यांना कॉफीचं रोप मिळालं. खडकीच्या कारखान्यात तपासणी खात्यात ह्यांच्या हाताखाली चिकमगळूरकडचा एक माणूस होता, त्यानं ते गावाहून आणलं होतं. ह्यांनी त्या माणसाचं काम आयुष्यभर नापास केलेलं. त्यामुळे रोप देण्यामागे त्याचा नेमका काय हेतू होता, ह्याची मला अजून खात्री नाही.

हे रिक्षातून उतरले तेच एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात रोप घेऊन. "कॉफी कुठे येते?" दारातच मला विचारलं, कारण मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. "कर्नाटकात," मी म्हणाले. मला तेवढंच माहीत होतं. गाळलेल्या जागा भरा, ह्या प्रश्नात आम्ही मुलांनाही तेवढंच विचारायचो.

"मग आता सहकारनगरातही येईल," असं म्हणून हे आत गेले. खरं म्हणजे हे कॉफी पीत नाहीत. पित्त होतं.

आमचं घर तळमजल्यावर आहे. मागे इमारत आणि कुंपणाची भिंत ह्यांच्यामध्ये मातीचा एक चिंचोळा पट्टा आहे. आम्ही त्याला अंगण म्हणतो, सोसायटी त्याला 'मागील मोकळी जागा' म्हणते. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून दोन लोखंडी अँगल पुढे आलेत आणि त्यांवर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत. त्या दोऱ्या बरोबर आमच्या अंगणावर येतात. पुढे जे घडलं ते सगळं त्या दोऱ्यांमुळे घडलं.

वरच्या त्या घरात माझी मैत्रीण राहते. मैत्रीण म्हणजे दुपारी चप्पल न घालता वरखाली करण्याइतकी. तिचा नवरा वारला. मुलगा हिंजवडीत नोकरीला लागला आणि तिकडेच घर घेऊन राहिला. आमच्याकडून हिंजवडीला जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस साताऱ्याला जाऊन जेवूनही येतो, त्यामुळे मुलगा सणावारी येतो. ती एकटीच असते.

पुढे कधीतरी तिच्या चादरींचं पाणी आमच्या अंगणात ठिबकू लागलं. तिच्याकडे जाडजूड सोलापुरी चादरी आहेत. त्या मशीनमध्ये टाकल्या की मशीन नाचत नाचत न्हाणीघराच्या दारापर्यंत येतं, म्हणून ती हातानंच धुते. एका रविवारी हे अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते आणि अग्रलेखावर टपकन थेंब पडला.

"वहिनी, चादरी पिळून घालत चला," हे खालून ओरडले.

वरून जरा वेळानं उत्तर आलं, "भाऊजी, खुर्ची सरकवून बसत चला."

दोघांपैकी एकानं जरी ऐकलं असतं तरी विषय तिथंच मिटला असता. पण हे पडले तपासणी खात्यातले. ह्यांनी वार्षिक सभेत ठराव आणला, की मागील मोकळ्या जागेत यापुढे कोणीही दोरी, कापड, छप्पर अथवा कोणत्याही प्रकारचं आच्छादन लावू नये. ठराव एकमतानं मंजूर झाला. मग सेक्रेटरींनी चष्मा वर करून सांगितलं, की पहिल्या मजल्याच्या दोऱ्या इमारतीइतक्याच जुन्या, ती त्यांची वहिवाट, त्यांना ठराव लागू नाही. म्हणजे ज्या एका बाईसाठी ठराव केला, ती सोडून सगळ्या सोसायटीवर बंदी आली.

त्या दिवसापासून ह्यांच्या तोंडी 'वहिनी'चा 'पहिला मजला' झाला आणि तिच्या तोंडी 'भाऊजीं'चा 'तळमजला'. बायको नवऱ्याच्या बाजूची, असं दोघंही धरून चालले. मला कोणी काही विचारलंच नाही. दुपारी पाय आपोआप जिन्याकडे वळायचे, मग मी परत येऊन गहू निवडत बसायची. निवडलेलेच गहू पुन्हा निवडायची. वर्षानुवर्षं असं चाललं. मला तिची फार आठवण यायची, अगदी डोक्यावर, एका स्लॅबच्या अंतरावर असून.

तर अशा घरात ते रोप आलं.

ह्यांनी दोरी आणि ओळंबा घेऊन अंगणातली सगळ्यात उन्हाची जागा शोधून काढली. "झाडाला ऊन लागतं. चौथीच्या पुस्तकात आहे," असं मला बजावलं. खड्डा खणला, शेणखत घातलं, रोप लावलं आणि चहूबाजूंनी फिरून ते ओळंब्यात आहे का ते पाहिलं. वरून माझी मैत्रीण गॅलरीच्या कठड्याला टेकून हे सगळं बघत होती. ह्या माणसाला एक गोष्ट मनापासून हवी आहे, हे तिला दिसलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बरोबर त्या रोपाच्या डोक्यावर एक डबल सोलापुरी चादर आली. ओलीचिंब. दिवसभर ऊन अडवायची आणि थेंब थेंब गळत राहायची. कडक उन्हात तीनपर्यंत वाळायला यायची, मग ती ओढून घ्यायची. दुसऱ्या दिवशी दुसरी, तिसऱ्या दिवशी तिसरी, आणि चौथ्या दिवशी पुन्हा पहिली. एकट्या बाईच्या चादरी एवढ्या मळतील कशा? ती धुतलेल्याच चादरी पुन्हा भिजवून टाकत होती. महानगरपालिका ज्या गुरुवारी पाणी बंद ठेवायची, त्याच दिवशी काय ते रोपाला आकाश दिसायचं.

"सूर्यप्रकाशाची चोरी आहे ही," हे म्हणाले आणि सोसायटीला अर्ज दिला. उत्तर आलं, की सूर्य सोसायटीच्या ताब्यात नसल्यानं अर्ज निकाली काढण्यात येत आहे. ह्यांनी दुसरा अर्ज दिला. त्यालाही तेच उत्तर, फक्त 'पुन्हा' हा शब्द वाढवलेला.

आणि इकडे ते रोप असं काही वाढलं, की बघत राहावं. पानं हिरवीगार, तेल लावल्यासारखी चकचकीत. हे रोज सकाळी त्याला एक मग पाणी घालायचे आणि भिंग घेऊन प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी तपासायचे. "विपरीत परिस्थितीत वाढतंय," हे अभिमानानं सांगायचे, "आमच्या पिढीसारखं." सकाळी टेकडीवर फिरायला जाणाऱ्या मंडळींना ह्यांनी आपल्या अंगणातली कॉफी पाजायचं कबूलही करून टाकलं.

मला हसू यायचं, पण मीही त्या झाडाचं भलंच चिंतत होते. निवृत्त झाल्यावर ह्यांना तपासायला काही उरलं नव्हतं. सुरुवातीला हे माझ्या पोळ्या तपासायचे. उजेडात धरून जाडी बघायचे. झाडानं नजर आपल्याकडे वळवली आणि माझी सुटका केली. ह्यांचा दिवस पुन्हा सकाळी सुरू होऊ लागला. तिसऱ्या हिवाळ्यात झाड कमरेपर्यंत आलं आणि पानांच्या बेचक्यात बारीक हिरव्या कळ्या धरल्या, तेव्हा ह्यांनी मला हाताला धरून अंगणात नेलं. लग्नानंतर ह्यांनी मला हाताला धरून कुठे नेल्याचं मला तरी आठवत नाही.

त्याच संक्रांतीला मी ह्यांना न विचारता तिळगुळाचा डबा घेऊन जिना चढले. का, ते सांगता येणार नाही. गहू निवडून कंटाळले होते, एवढं खरं. तिनं दार उघडलं, आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बोलायचं ठरवलंस वाटतं," ती म्हणाली.

"तिळगूळ घे."

"घेते. पण गोडबिड बोलायला सांगू नकोस, ते आता ह्या वयात व्हायचं नाही."

मग तिनं काल भेटल्यासारखा चहा टाकला. मला रडू आलं. तिनं ते पाहिलं आणि माझ्या कपात साखर एक चमचा जास्त घातली.

आमचं पुन्हा सुरू झालं. हे एक ते चार झोपतात, त्या वेळात ती खाली यायची नाहीतर मी वर जायची. आणि संक्रांतीचं वाण म्हणून तिनं आपण होऊन एक गोष्ट केली. "तुझ्या नवऱ्याच्या झाडाला मिळू दे बाई आता ऊन," ती म्हणाली. "मुक्या जिवावर किती दिवस सूड उगवायचा? चादरी मी लाँड्रीत देईन." दुसऱ्या दिवसापासून दोऱ्या मोकळ्या. अंगणात लख्ख ऊन आलं. हे पेढे घेऊन आले आणि न्यायाला उशीर लागतो पण न्याय होतो, असं म्हणत चार घरी वाटूनही आले. ऊन कशामुळे आलं ते मी सांगितलं नाही. पेढा खाल्ला.

फेब्रुवारी निम्मा उलटला आणि झाड मान टाकू लागलं. सकाळी ठीक असायचं, पण दुपारी पानं अशी लोंबायची, की बघवत नसे. संध्याकाळी जरा उठायची. मग कडा तपकिरी झाल्या. मग पानं पिवळी पडायला लागली आणि दोनचार कळ्या सुकून गळल्या. ह्यांनी एका मगाऐवजी बादली ओतायला सुरुवात केली. खाली चिखल झाला, पिवळेपणा वाढला. हे जेवताना मध्येच उठून अंगणात जायचे आणि भात ताटात तसाच राहायचा. एवढा सूर्यप्रकाश देऊन झाड का मरतंय, हे ह्यांना कळेना. मलाही कळेना. मला भीती वाटायला लागली, झाडाची नव्हे, ह्यांची.

शेवटी मी माझ्या भाचीला बोलावलं. ती शेतकी कॉलेजात वनस्पतींवर काहीतरी मोठा अभ्यास करते. ती खांद्याला अडकवलेलं एक यंत्र घेऊन आली. त्याला पुढे चिमटा असतो. तो पानाला लावला, की पान त्या घडीला किती अन्न तयार करतंय ते पडद्यावर आकड्यात दिसतं. तिनं सकाळी नवाला चिमटा लावला, बाराला लावला, तीनला लावला. मधल्या वेळात माझ्याकडे जेवली. ह्यांना ते यंत्र फार आवडलं. असं यंत्र कारखान्यात असतं तर आणखी माणसं नापास करता आली असती, असं काहीसं ह्यांच्या मनात असावं.

"काका, सकाळी हे पान छान काम करत होतं," ती म्हणाली. "बाराला जवळजवळ बंद."

"ऊन तर बाराला जास्त असतं."

"म्हणूनच बंद. पानाला खालच्या बाजूनं बारीक तोंडं असतात. त्यातून हवा आत घेऊन पान उन्हाच्या जोरावर अन्न करतं. पण तोंड उघडं ठेवलं, की आतलं पाणी उडून जातं. ऊन कडक आणि हवा कोरडी झाली, की कॉफी तोंड मिटून घेते. मग वरून कितीही ऊन पडू द्या, आत चूल बंद. आणि न वापरलेलं ऊन पान भाजून काढतं, ते वेगळंच."

"म्हणजे दुपारी बंद," हे म्हणाले आणि त्यांनी झाडाकडे जरा आदरानं पाहिलं.

"पण पाणी घालतोय की मी!" हे लगेच पुढे म्हणाले.

"चिखल केलाय तुम्ही. मुळांचा श्वास कोंडतो, मग खाली पाणी असून वर चढत नाही. काका, हे मोठ्या झाडांच्या आडोशाला वाढणारं झाड. त्याला विरळ सावली हवी, बेतानं पाणी हवं आणि भोवतालची हवा दमट हवी. नुसती सावली देऊन पाणी तोडलंत तरी ते तोंड मिटणार, नुसतं पाणी देऊन उन्हात उभं केलंत तरी मिटणार. दोन्ही एकदम लागतं." तिनं यंत्र पेटीत ठेवता ठेवता विचारलं, "मागच्या वर्षीपर्यंत उत्तम होतं म्हणता ना? तेव्हा ह्याच्यावर काय होतं?"

ह्यांनी हळूहळू मान वर केली. वर दोन रिकाम्या दोऱ्या होत्या. मी गॅसवर दूध आहे असं सांगून आत गेले. गॅसवर काही नव्हतं.

भाची गेल्यावर मी म्हणाले, "वर जाऊन सांगा, चादर घालत जा म्हणून. आता घालेल ती."

"मी? पहिल्या मजल्याकडे चादर मागू?"

सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, तशातली गत. त्याऐवजी ह्यांनी बाजारातून हिरवी जाळी आणून चार काठ्यांवर बांधली. तासाभरात सेक्रेटरी आले. "अहो, आच्छादनाला बंदी आहे. आपलाच ठराव." ह्यांनी विचारलं, छत्री चालेल का? सेक्रेटरींनी घरी जाऊन विचार केला आणि फोनवर कळवलं, की जमिनीत रोवलेली छत्री हे आच्छादन होईल, परंतु माणसानं हातात धरलेली छत्री होणार नाही.

मग हे धरून बसले. स्टुलावर, डोक्याला पंचा, डाव्या हातात छत्री आणि उजव्या हातात इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर मारायची पाण्याची फवारणी. अकरा ते तीन. ह्यांची दुपारची झोप जाते, हे मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. हे जेवायला आत आले, की मी स्टुलावर बसायची. भिंतीपलीकडून जाणारे लोक विचारायचे, "काय हो काकू, पाऊस येणारे का?" मी हो म्हणायची, वाद कोण घालणार? पण विरळ सावली कशी असते ते छत्रीला कुठे माहीत, आणि फवारणीनं हवा दमट होते ती ह्यांच्या चष्म्यापुरती. झाड काही उठेना. ह्यांचा खांदा मात्र आखडला, शेक घ्यावा लागला.

हे सगळं मी माझ्या मैत्रिणीला का सांगितलं नाही? सांगणारच होते. पण ह्यांनी शपथ घातली होती, आणि एवढ्या वयात नवऱ्याला छत्री धरून झाडापाशी बसावं लागतंय हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं, तेही सुचेना. ती बिचारी वरून बघायची आणि मला म्हणायची, "ह्यांना एकदा डॉक्टरला दाखव."

एका दुपारी ती माझ्याकडे चहाला बसली होती. ह्यांचा खांदा दुखत होता म्हणून हे आत निजले होते, असं मला वाटत होतं. माझा फोन वाजला आणि लगेच तिचाही वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर ह्यांचा निरोप होता. पहिल्या मजल्यावरील उपद्रवी चादरी आमच्या पाठपुराव्यामुळे कायमच्या हटल्या असून अखेर सत्याचा विजय झाला आहे, यापुढेही असे प्रकार खपवून घेतले जाणार नाहीत, सर्वांचे आभार.

तिनं ते पूर्ण वाचलं. कप खाली ठेवला.

"मी तुझ्यासाठी सोडलं होतं," ती म्हणाली. "आणि ह्यानं ते जिंकलं म्हणून लिहिलं. तुला ठाऊक होतं?"

मला ठाऊक नव्हतं. तसं मी म्हणालेही, पण ती तोवर दारात होती. दहा मिनिटांत वरून धप्प आवाज आला. ओलीचिंब डबल चादर झाडावर उतरली होती आणि तिची धार लागली होती.

हे बनियनवर बाहेर आले, अजिबात झोपलेले नव्हते. "बघ," हे म्हणाले. "न मागता मिळाली की नाही?" मागून घ्यायचा कमीपणा नको म्हणून ह्या माणसानं भांडण उकरून काढलं होतं.

झाड आठवड्याभरात सावरलं. दुपारी पानं लोंबायची थांबली, शेंड्याला नवी कोवळी पालवी दिसू लागली, उरलेल्या कळ्या तगल्या. ह्यांच्या पोटात दोन पोळ्या जास्त जाऊ लागल्या. आणि माझी मैत्रीण फोन उचलेना. मी वर गेले, बेल वाजवली. आतून टीव्हीचा आवाज बंद झाला, दार काही उघडलं नाही. मी तिथं उभी राहिले आणि ती दाराच्या आत उभी आहे हे मला कळत होतं. ओरडून खरं सांगावं तर ती त्याच क्षणी चादर काढून घेईल आणि झाड मरेल. ते मेलं तर ह्यांचं काय होईल ते मी फेब्रुवारीत पाहिलं होतं. न सांगावं तर तिच्या लेखी मी ह्यांना सामील. मी खाली आले.

त्या रात्री जेवताना हे खुशीत होते. "कळ्या फुलेपर्यंत तरी हे भांडण टिकायला हवं," हे म्हणाले. "ती शांत होता कामा नये. मध्येमध्ये तूही एखादा टोमणा मारत जा."

माझ्या हातात लाटणं होतं. मी ते खाली ठेवलं.

"त्या झाडाला काय लागतं ते कळावं म्हणून घरात यंत्र आलं," मी म्हणाले. "सावली किती, पाणी किती, हवा कशी. सगळं नीट विचारून घेतलंत. मला काय लागतं ते एकदा तरी विचारलंत? मला एक मैत्रीण होती. ती तुम्ही आधी एका थेंबापायी घालवलीत. मी ती परत मिळवली, तर आता चादरीपायी घालवलीत. माझी पानं कधी लोंबलेली दिसली नाहीत ना तुम्हाला? भिंग कशाला लागतंय त्याला!"

"पोळी करपतेय," हे म्हणाले.

मी गॅस बंद केला आणि जाऊन पडले.  मग स्वयंपाकघरातून ताट घासल्याचा आवाज आला. ह्यांनी आजवर ताट घासलेलं नाही, त्यामुळे साबण फार लागला असावा, नळ खूप वेळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता चादर उतरली. मी खिडकीशी भाजी चिरत होते. हे अंगणात गेले. बनियन नव्हता, इस्त्रीचा शर्ट घातला होता. चादरीखाली उभे राहिले आणि झाडाकडे बघत म्हणाले, "वहिनी."

वर काही हललं नाही.

"अहो वहिनी!"

ती कठड्यापाशी आली. "ग्रुपवर लिहा काय ते. चादर मी काढणार नाही."

"काढू नका," हे म्हणाले. "म्हणजे, असली तरी चालेल."

"चालेल की हवी आहे?"

चादरीतून एक थेंब ह्यांच्या टकलावर पडला. ह्यांनी तो पुसला नाही.

"हवी आहे," हे म्हणाले. "हे झाड तुमच्या चादरीवर जगलंय. सावली तुमची, पाणीही तुमचंच. मी नुसते अर्ज केले. आणि तिला ग्रुपवरचं काही ठाऊक नव्हतं. तो माझा एकट्याचा उद्योग."

 मी विळी बाजूला ठेवली.

"म्हणजे मी जे मारायला बघत होते," ती सावकाश म्हणाली, "ते मी वाढवत होते?"

"हो."

"आणि संक्रांतीला दया दाखवली तेव्हा मरायला टेकलं?"

"बरोबर."

तिला हसू आवरेना. कठडा धरून हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. हे खाली शर्टावर थेंब झेलत उभे. मग ती म्हणाली, "तिला वर पाठवा. आणि लगेच पाठवा, माझ्यानं वाकून उभं राहवत नाही."

मी चप्पल न घालता गेले. दार उघडंच होतं. ती न्हाणीघरात होती, टबात उरलेल्या दोन चादरी भिजत होत्या. माझ्याकडे न बघता तिनं एक वर ओढली आणि तिचं टोक माझ्या हातात दिलं.

"धर. झाडाला एक पुरे. ह्या दोन धड वाळतच नाहीत, कुबट वास मारतात."

ती एका दिशेला फिरवू लागली, मी दुसऱ्या. चादरीचा दोर झाला आणि फरशीवर पाणी पडू लागलं, केवढं तरी. तिची मनगटं सुजलेली होती. बोटं पुरती मिटत नव्हती.

"आमचे हे होते तेव्हा ते टोक हे धरायचे," ती म्हणाली. "हे गेल्यावर एकटीला पिळता येईना. सोलापुरी चादर एकट्या माणसाला पिळता येत नाही ग. पहिल्यांदा भाऊजी खालून ओरडले, तेव्हा हेच सांगणार होते. पण गॅलरीतून ओरडून सांगायची गोष्ट होती का ती?"

"मला सांगायचंस."

"तू वर आली असतीस, तर सांगितलं असतं."

 हातातलं टोक सैल पडलं.

"ओढ," ती म्हणाली. "अजून खूप पाणी आहे त्यात."